मंडळीतली झाडं

आजचे वाचन : स्तोत्रसंहिता १४८ (मननासाठी वचन ९)
सोबत वाचावे : स्तोत्रसंहिता ९६:११-१३, यशया ५५:१२-१३, अनुवाद २०:१९-२०, लेवीय १९:२३-२५



गेले काही दिवस आपण स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या पाच स्तोत्रांवर मनन करतो आहोत. ही पाचही स्तोत्रं स्तवनाच्या हाकेने सुरू होतात आणि त्याच हाकेने संपतात. आज १४८ वं स्तोत्र. खरं सांगायचं तर हे स्तोत्र मी नेहमी घाईत वाचलंय. यादी आहे ना, सूर्य, चंद्र, तारे, समुद्र, डोंगर, झाडं... यादीवरून नजर भरकन पुढे जाते. या वेळी मात्र नवव्या वचनावर अडकलो. का अडकलो ते पुढे सांगतो, त्याचं कारण गावाकडे आहे. आधी वचन नीट पाहू.

१. हजेरीपट

स्तोत्राचे सरळ दोन भाग आहेत. वचन १ ते ६ मध्ये वरची मंडळी : देवदूत, सूर्य, चंद्र, तारे, आकाशावरचं पाणी. वचन ७ पासून खालची मंडळी : समुद्रातले मोठे प्राणी, अग्नी, गारा, हिम, वादळी वारा. मग नवव्या वचनात डोंगर, टेकड्या, फळझाडं आणि गंधसरू. दहाव्यात रानातली जनावरं, गुरंढोरं, सरपटणारे जीव, पाखरं. अकराव्यात राजे आणि न्यायाधीश. बाराव्यात तरुण-तरुणी, म्हातारे आणि मुलं.

मी सॉफ्टवेअरवाला. यादी दिसली की तिचा क्रम तपासायची सवय आहे. आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रमुख पाहुणे सगळ्यात वर असतात. इथे राजेसाहेबांचा नंबर सरपटणाऱ्या जीवांच्या नंतर लागतो, आणि झाडं त्यांच्याही आधी हजर आहेत. माणूस शेवटी येतो. बाकीचे गायला लागलेत, तूही ये, अशी ती रचना आहे.

दुसरी गोष्ट. झाडांचे दोन प्रकार सांगितलेत. फळझाड म्हणजे ज्याची माणूस निगा राखतो ते. गंधसरू म्हणजे लबानोनच्या डोंगरावरचं, कोणी न लावलेलं. स्तोत्र १०४:१६ म्हणतं की ते परमेश्वरानेच लावलं. आपल्या भाषेत बोलायचं तर जुन्नरचा हापूस आणि बांधावरचा रायवळ आंबा एका बाजूला, आणि पश्चिमेकडे भीमाशंकर-आहुप्याच्या रानातला हिरडा, जांभूळ, अंजन दुसऱ्या बाजूला. दोघांनाही बोलावणं आहे. ज्याचा बाजारभाव निघतो त्यालाही आणि ज्याचा निघत नाही त्यालाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सातव्या वचनात पृथ्वीवरच्यांना जी स्तवनाची हाक दिली आहे तीच पुढे सगळ्यांना लागू होते. झाडांसाठी वेगळा, हलका शब्द वापरलेला नाही. देवदूतांना जे करायला सांगितलं तेच बांधावरच्या आंब्याला सांगितलं आहे.

२. म्यूटवर दिलेला होकार

आता गावाकडची गोष्ट. आमची थोडी जमीन आंबेगाव तालुक्यात आहे, ती नाना कसतात. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. बांधावर दोन रायवळ आंबे होते, आजोबांच्या वडिलांनी लावलेले. दोन वर्षांपूर्वी नानांचा फोन आला. मी ऑफिसच्या कॉलवर होतो. कॉल म्यूट करून फोन घेतला. वरच्या आंब्याची सावली पिकावर पडते, वखारवाला आलाय, परवानगीचे कागद तोच करून देतो म्हणतोय, काय करू? मी म्हणालो, “नाना, तुम्ही म्हणाल तसं. तोडून टाका.” एक मिनिटही लागलं नाही. चार दिवसांनी माझ्या वाट्याचे पैसे फोनवर जमा झाले. त्या रविवारी मी मंडळीत भक्तीचं पुढारीपण केलं आणि सृष्टीच्या स्तवनाचं गीत निवडलं! दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गेल्या महिन्यात नानांचा परत फोन आला. दुसऱ्या आंब्यासाठी. या वेळी मी एक आठवडा मागून घेतला. तो आठवडा हा अभ्यास करण्यात गेला.

३. आपल्याला झाडांची धास्ती का?

आपण मराठी ख्रिस्ती लोक झाडांबद्दल बोलताना जरा बिचकतो. त्याला कारण आहे. अनुवाद १२:२ आणि यिर्मया २:२० वाचा. प्रत्येक हिरव्या झाडाखाली चाललेल्या मूर्तिपूजेबद्दल तिथे कडक शब्द आहेत. संडे स्कूलमध्ये आम्ही हेच शिकलो. वडाला दोरा नाही, पिंपळाला पाणी नाही. देव झाड नाही आणि झाड देव नाही. हे शिक्षण बरोबरच आहे, मी ते सोडलेलं नाही.

पण त्या शिकवणीबरोबर आणखी एक गोष्ट नकळत आत आली. झाड देव नाही, म्हणजे झाड काहीच नाही. लाकूड आहे, सावली आहे, अडचण आहे. हे कुठल्याही वचनात लिहिलेलं नाही. ते आपणच जोडलं.

कॉलेजात असताना मित्रांबरोबर आहुप्याला गेलो होतो. तिथली देवराई महादेव कोळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहे. आत शिरताना बरोबरच्या गावकऱ्याने सांगितलं, इथलं वाळकं काटूकसुद्धा उचलायचं नाही. मी मनात हसलो होतो. आज ते हसू आठवलं की अवघडल्यासारखं होतं. ती माणसं ज्या श्रद्धेने रान राखतात ती माझी श्रद्धा नाही. पण त्यांचं रान उभं आहे. माझ्याकडे १४८ वं स्तोत्र होतं आणि मी एका मिनिटात आंबा विकला.

मग मधला रस्ता आहे का? झाडाची पूजा नाही आणि झाडाची किंमत शून्यही नाही, असा? मला तो सापडला तो ज्यांनी ही स्तोत्रं सगळ्यात आधी गायली त्यांच्याकडे, यहुदी लोकांकडे. मूर्तिपूजेबद्दलची ती कडक वचनं त्यांचीच. आणि झाडांना गायला लावणारी ही स्तोत्रंही त्यांचीच.

४. रोज गाणारी झाडं

१४८ वं स्तोत्र यहुदी लोक सणासुदीला नाही तर रोज म्हणतात. सकाळच्या प्रार्थनेत १४५ ते १५० ही स्तोत्रं ठरलेली आहेत. म्हणजे कामाला लागण्याआधी रोज एकदा झाडांची हजेरी होते.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो तेव्हा ९६ वं स्तोत्र असतं. सोळाव्या शतकात गालीलातल्या सफेद गावच्या विद्वानांनी शब्बाथच्या स्वागतासाठी स्तोत्रं म्हणायची पद्धत सुरू केली, ती आता बहुतेक सगळीकडे गेली आहे. त्या स्तोत्राच्या बाराव्या वचनात रानातली सगळी झाडं आनंदाने गातात. का गातात? तेराव्या वचनात कारण आहे : परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे. इथे मी थांबलो. न्याय म्हटलं की आपल्याला घाम फुटतो आणि झाडांना आनंद होतो! ज्याला तलाठ्याकडे जाता येत नाही, फोनवर आपली बाजू मांडता येत नाही, त्यालाच न्यायाधीश येण्याचा आनंद होणार.

‘पेरेक शिरा’ नावाचं एक जुनं यहुदी पुस्तक आहे. शिरा म्हणजे हिब्रूत गाणं. आकाश, पृथ्वी, झाडं, पाखरं, जनावरं, किडामुंगी, प्रत्येकाच्या तोंडी पवित्र शास्त्रातलं एकेक वचन दिलं आहे. अंजिराच्या झाडाला नीतिसूत्रे २७:१८ मिळालं, खजुराला स्तोत्र ९२:१२, आणि रानातल्या बाकीच्या झाडांना १ इतिहास १६:३३, जे ९६ व्या स्तोत्राचंच भावंडं आहे. यातलं अंजिराचं वचन उघडून बघा. जो अंजिराची निगा राखतो तो त्याचं फळ खातो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे अंजिराच्या गाण्यात माळीही आहे. झाड काही एकटं गात नाही.

इथे कोणी विचारेल, झाडं खरंच गातात का? याचं उत्तर शब्दशः हो किंवा नाही असं द्यायची मला गरज वाटत नाही. आंबा आंबा म्हणून जगतो, मोहोर धरतो, पाखरांना जागा देतो, तेच त्याचं स्तवन. स्तोत्र १०४:१७ मध्ये लबानोनच्या झाडांवर पाखरं घरटी बांधतात आणि देवदारूवर करकोचाचं घर आहे. आहुप्यात त्याच जागी शेकरू आहे. झाडाने झाड म्हणून उभं राहणं पुरेसं आहे. आपल्यालाच शब्द लागतात.

५. झाडांचं नवं वर्ष

यहुदी पंचांगात झाडांचं वेगळं नवं वर्ष आहे, तू बिश्वात. ‘तू’ हा काही शब्द नाही, आकडा आहे. हिब्रूत अक्षरांना किमती असतात, नऊचं अक्षर आणि सहाचं अक्षर मिळून पंधरा. दहा आणि पाच असं लिहिलं तर देवाच्या नावातली अक्षरं होतात, म्हणून ते टाळतात. म्हणजे शवात महिन्याची पंधरावी तारीख. महिना चंद्राचा असल्यामुळे ही पौर्णिमाच असते, आपल्याकडच्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास.

गंमत अशी की सुरुवातीला हा सण नव्हताच. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात चार नवी वर्षं सांगितली आहेत, त्यातलं एक झाडांचं. शम्मायच्या शिष्यांच्या मते शवातची पहिली तारीख, हिल्लेलच्या शिष्यांच्या मते पंधरावी. वाद कशासाठी? दशांशाच्या हिशेबासाठी. कुठलं फळ कुठल्या वर्षात धरायचं, त्यासाठी एक तारीख हवी. आपला ३१ मार्च असतो तसं! मंदिर पडलं, लोक देशोधडीला लागले, बहुतेकांकडे झाडं राहिली नाहीत, दशांश कशाचा देणार? पण तारीख त्यांनी सोडली नाही. त्या दिवशी झाडांची फळं खायची, आशीर्वाद म्हणायचा, हे चालू राहिलं. पुढे सफेदच्या परंपरेतून त्या दिवसाची फळांची खास पंगत आली. काही ठिकाणी त्या दिवशी १०४ वं स्तोत्र आणि त्याबरोबर १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं म्हणतात. आज इस्राएलातली मुलं त्या दिवशी बदाम फुलल्याचं गाणं गातात आणि रोपं लावतात, कारण तिकडे त्याच सुमारास बदामाला फुलं येतात.

आणि आपल्याकडे त्या सुमारास काय असतं? आंब्याला मोहोर.

६. घाटाखालचे शेजारी

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर नाणेघाटात जाऊन उभे राहा. खाली कोकण दिसतं. तिथून दक्षिणेला, अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या पट्ट्यात बेने इस्राएल लोक शेकडो वर्षं राहिले. मराठी बोलणारे यहुदी. नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. धंदा तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावंही गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहिमकर. एकोणिसाव्या शतकात त्यांनी शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तनंही केली.

अलिबागजवळ खंडाळा गाव आहे. संदेष्टा एलीया, त्यांच्या भाषेत एलियाहू हानाबी, तिथे प्रकट झाला आणि अग्निरथातून वर गेला, अशी त्यांची श्रद्धा. खडकावरच्या खुणाही दाखवतात. तो दिवस ते कुठला मानतात? तू बिश्वात. झाडांचं नवं वर्ष आणि एलियाहू हानाबीचा उरूस एकाच दिवशी. त्या दिवशी मलिदा होतो.

पुण्यातल्या एका बेने इस्राएल सहकाऱ्यांनी मला एकदा घरी मलिद्याला बोलावलं होतं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा. ताटात खजूर आणि बाकी फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सब्जाची डहाळी. हिब्रूत एलियाहूचं गीत झालं, मग एकेक आशीर्वाद. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुगंधाचा आणखी वेगळा. मी केळ्याला झाडाचं फळ म्हणालो, तर ते हसून म्हणाले, “केळीला झाड धरत नाहीत. खोड दरवर्षी जातं ना! तिला जमिनीचा आशीर्वाद.” मला हे फार आवडलं. खाण्याआधी हे कुठून आलं याचा विचार करायचा, आणि विचार करून योग्य शब्दांत देवाला धन्यवाद द्यायचे. झाडाला नाही, देवाला. पण झाड ओळखून.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ताटात होतं. तेव्हा कळलं नव्हतं, इतकंच.

७. नियम सोडतो, गाणं सोडत नाही

आता नानांच्या आंब्याकडे येऊ. शास्त्र काय म्हणतं? अनुवाद २०:१९-२० मध्ये नियम आहे. शहराला वेढा घातला असला, लढाई लांबली असली, तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही. त्यांचं फळ खा, पण त्यांना तोडू नका. झाड काय माणूस आहे का, की त्याला वेढा घालावा? युद्धातसुद्धा शत्रूचं झाड शत्रू नाही.

रब्बींनी यावरून नासाडी न करण्याचा मोठा नियम काढला. तालमूदात याचं मापच दिलं आहे : खजुराच्या झाडाला एक काव, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटर-दोन लिटर, एवढं फळ येत असेल तर ते तोडू नये. मला हे वाचून बरं वाटलं. आमच्या आंब्याला त्याच्या कितीतरी पट फळ येतं! पण पुढचंच वाक्य माझ्या विरोधात निघालं. लाकडाची किंमत फळापेक्षा जास्त असेल तर तोडायला मोकळीक आहे. रायवळ आंब्याला बाजारात कोण विचारतो? वखारवाल्याचा आकडा नक्कीच मोठा. सरकारी कायदाही तसाच. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात आंबा, हिरडा, जांभूळ ही झाडं यादीत आहेत, परवानगी लागते. पण परवानगी घेऊन तोडता येतात.

म्हणजे दोन्हीकडून मी सुटलो होतो. कोणी मला पापी म्हणणार नव्हतं.

पण १४८ वं स्तोत्र सोडेना. नियम विचारतो, या झाडाचा उपयोग काय आणि किती? स्तोत्र विचारतं, हे झाड तुझ्या शेजारी उभं राहून कोणाची भक्ती करतंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक्सेलमध्ये बसतं. दुसऱ्याचं बसत नाही. झाड तोडणं प्रत्येक वेळी पाप आहे असं मी म्हणत नाही. शलमोनाच्या मंदिरालाही गंधसरूच लागला. पण मंडळीतल्या एका सभासदाला कमी करायचं असेल तर निदान कॉल म्यूट करून ते ठरवू नये.

८. नाना काय म्हणाले

शनिवारी गावाला गेलो. नाना बांधावर बसले होते, वर मोहोर होता, मधमाश्यांचा आवाज येत होता. मी त्यांना स्तोत्र सांगितलं. काव सांगितला. नाना सगळं शांतपणे ऐकून घेतात. मग म्हणाले, “तुझं गाणं खरं हाय बाबा. पण मला ह्या सावलीत कांदा पोसत न्हाई. आन् कांद्यावर घर चालतं, तुझ्या पगारावर न्हाई.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या आंब्याचे पैसे मी घेतले होते आणि सावलीचा तोटा कधी सोसला नव्हता. मी म्हणालो, सावलीतल्या तेवढ्या वाफ्यांचं जे नुकसान होईल ते दरवर्षी मी देतो. नानांना ते आवडलं नाही. “घरात कोणी भाडं देतं का?” म्हणाले. थोड्या वेळाने मात्र बोलले, “मोहोर हाय तोवर तर काय कुऱ्हाड लावत न्हाई. आंबे उतरू दे. मग बघू.”

तेवढ्यावर आम्ही थांबलो. पुढच्या वर्षी काय होईल मला माहीत नाही.

निघताना पहिल्या आंब्याच्या जागेपासून जरा लांब, सावली पिकावर येणार नाही अशा कोपऱ्यात, एक कलम लावलं. लेवीय १९:२३-२५ डोक्यात होतं : पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं परमेश्वराचं, पाचव्या वर्षी आपण खायचं. मी ते नानांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “त्यात काय नवीन? पहिली तीन वर्षं कलमाचा मोहोर खुडूनच टाकायचा असतो. न्हाईतर झाड वाढत न्हाई.” मोशेचा नियम माझ्या चुलत्यांच्या हाताला आधीच माहीत होता! चौथ्या वर्षाचं काय, ते मी विचारलं. नाना म्हणाले, “चौथ्या वर्षी मंडळीत ने.”

९. कण्हणारी सृष्टी

शेवटची एक गोष्ट, कारण ती टाळली तर हा अभ्यास खोटा होईल. नवव्या वचनात झाडांच्या आधी डोंगर आहेत. आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला डोंगरांच्या स्तवनाचं गाणं सहज म्हणता येत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्या मंडळीत त्या रविवारी कोणाला गाता आलं नाही.

स्तोत्र १४८ वादळी वाऱ्यालाही हजेरीपटात घेतं, आणि मला ते अजून पचलेलं नाही. मला आधार वाटतो तो रोमकरांस ८:२२ चा. तिथे पौल म्हणतो की सगळी सृष्टी वेणा लागल्यासारखी कण्हते आहे. म्हणजे तीच सृष्टी गातेही आणि कण्हतेही. आपल्यासारखीच. आणि वेणा म्हटलं म्हणजे शेवटी काहीतरी जन्माला यायचं आहे. यशया ५५ मध्ये झाडं टाळ्या वाजवतात ती कधी? बंदिवासातली माणसं शांतीने घरी परत निघतात तेव्हा. माणसाची सुटका आणि झाडाचा आनंद शास्त्राने वेगळा केलेला नाही.

मननासाठी

१. तुमच्या घरापासून मंडळीपर्यंतच्या वाटेवर किती झाडं आहेत? त्यातल्या किती झाडांची नावं तुम्हाला माहीत आहेत?
२. “देव नाही म्हणजे काहीच नाही” असं तुम्ही आणखी कशाबद्दल धरून चालला आहात?
३. तुमच्या एखाद्या निर्णयाचा फायदा तुम्हाला आणि तोटा दुसऱ्याला होतोय का? नानांसारखं कोणी आहे का, ज्यांच्याशी बांधावर बसून बोलायला हवं?

प्रार्थना

हे प्रभू, तू लावलेल्या झाडांकडे मी फक्त लाकूड म्हणून पाहिलं, मला क्षमा कर. माझ्या आधी आणि माझ्यापेक्षा जास्त काळ तुझं स्तवन करणाऱ्यांमध्ये मला उभं राहू दे. जे शेत कसतात त्यांच्या कष्टांना फळ दे, आणि त्यांच्या खर्चाने भक्ती करण्यापासून मला राख. जिथे डोंगर कोसळले तिथल्या घरांना धीर दे. नानांच्या बांधावरचा मोहोर गळू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्याचे वाचन : स्तोत्रसंहिता १४९